दुधाचा मान

तळ्याच्या काठावर पोहायला म्हणून आणखी एक तळं बांधणाऱ्या माणसांना वेडं म्हणावं की शहाणं, हे अनारकानला अकरा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. समोर इसिक-कुल पसरलेलं, ऐन हिवाळ्यातही न गोठणारं, पैलतीरावर बर्फाचे डोंगर, आणि अलीकडे निळ्या फरशीचा हौद. मॉस्को-दुबईहून आलेले पाहुणे त्या हौदात गळ्यापर्यंत बुडून तळ्याकडे बघत बसायचे. किनाऱ्यावरची वाळूसुद्धा ट्रकने आणून टाकलेली, कारण मूळची वाळू म्हणे पायाला टोचते. हॉटेलला नाव भारदस्त होतं, पण ते पाटीपुरतं. गावात सगळे त्याला काचघर म्हणत, कारण तळ्याकडची अख्खी भिंत काचेची होती.

अनारकान तिथल्या स्वयंपाकघरात मेंढ्या सोडवायची. कापायची नव्हे. कापायला काय, कुणालाही येतं. सांध्यात सुरीचं टोक घालून, एकाही हाडाला चीर न पाडता, अख्खी मेंढी हाडाहाडानं सुटी करायची, हे काम होतं. कुऱ्हाडीनं तोडलेलं हाड पाहुण्याच्या पुढ्यात ठेवणं म्हणजे त्याला तोंडावर शिवी देणं. हे ज्ञान तिला सासूनं दिलं होतं, आणि सासूनं दिलेली प्रत्येक गोष्ट तिच्याकडे शाबूत होती. सासूनं घेतलेली एक गोष्ट मात्र परत आली नव्हती.

तिनं इतक्या नेटकेपणानं सोडवलेलं ते मटण पुढे तिलेकच्या हातात जायचं. तिलेक मुख्य खानसामा, तिशीतला, परदेशात शिकून आलेला. तो हाड काढून टाकायचा आणि बोटाएवढे काप काळ्या दगडावर मांडून शेजारी एक आंबट बोर ठेवायचा. ज्याला त्याला सारखाच काप, आणि रीतीनं तर वय आणि नातं बघून ज्याचं त्याचं हाड ठरलेलं.

"अरे, आजोबाला हाच तुकडा आणि नातवालाही हाच? मग कोण कुणाचं कोण, हे कळायचं कसं?" ती म्हणायची.

"एजे, इथे येणाऱ्याला ते कळायलाच नको असतं. तेवढ्यासाठी तर घर सोडून येतात बिचारे," तिलेक म्हणायचा. वयानं थोरल्या बाईला तिकडे एजे म्हणतात, आपण ताई म्हणावं तसं.

त्या ऑगस्टमधल्या एका बुधवारी कचेरीतल्या बाईंनी अनारकानला बोलावलं आणि सांगितलं, "शनिवारी तुम्ही कामावर नाही. पाहुण्यांच्या यादीत आहात. तळ्याकडची खोली, दुसरा मजला."

दहा मिनिटांत ही बातमी स्वयंपाकघरात पोचली. मग काय विचारता. भांडी घासणाऱ्या बाईनं कमरेत वाकून सलाम केला. "बाईसाहेब, पलंगावर निजताना चपला काढायच्या असतात हं." तिलेक म्हणाला, "एजे, मीठ कमी पडलं तर मला बोलावून घ्या, पण सगळ्यांदेखत झापू नका." अनारकान सगळ्यांबरोबर हसली आणि हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी गेली. हात स्वच्छच होते. तिला जरा वेळ एकटं उभं राहायचं होतं.

शनिवारी बेगिमायच्या कानात डूल घालायचे होते. बेगिमाय सत्तावीस वर्षांची, राजधानीत बिश्केकला एका दातांच्या दवाखान्यात फोटो काढायच्या यंत्रावर काम करणारी. दवाखान्याच्या मालकीणबाई वेनेरा यांच्या मुलाशी, एल्दियारशी, तिचं जमलं होतं. मुलाच्या आईनं सुनेच्या कानात डूल घातले की सोयरीक पक्की. खरं तर हे मुलीच्या घरी व्हायचं, पण मुलीचं घर पडलं तीन खोल्यांचं, अंगणात कोंबड्या. तेव्हा वेनेराबाईंनी काचघर ठरवलं. तळं आहे, डोंगर आहेत, फोटो छान येतील.

बेगिमाय अनारकानला वहिनी म्हणायची. आणि बेगिमायला जन्म अनारकाननं दिला होता.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पहिलं मूल म्हाताऱ्यांचं, ही तिथली जुनी रीत. सून पहिलटकरीण झाली, चाळीस दिवस उलटले, की सासू बाळ उचलून आपल्या बिछान्यात नेते, आणि त्या दिवसापासून ते सासू-सासऱ्यांचं शेंडेफळ. बाळ त्यांना आई-बाबा म्हणतं, बापाला दादा म्हणतं आणि आईला वहिनी. अनारकानचीही त्याला ना नव्हती. तेव्हा ती वीस वर्षांची होती, आणि वीस वर्षांच्या सुनेला ना म्हणायला जागा असते कुठे? सासू बाळाला दुपट्यात गुंडाळून दिवसातून सहा वेळा आणायची, म्हणायची, "पाज." पाजून झालं की घेऊन जायची. दूध अनारकानचं, पण बाळ झोपायचं सासूच्या मांडीवर. पुढे दोन मुलगे झाले, ते तिचेच राहिले. ते तिला आई म्हणत आणि सख्ख्या बहिणीला आत्या.

बेगिमाय आठ वर्षांची असताना शाळेतून रडत आली होती. कुणीतरी पोरीनं सांगितलं होतं. तिनं चुलीपाशी बसलेल्या आजीलाच विचारलं, "आई, वहिनी माझी आई आहे का?" सासू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बेगिमायनं स्वतःच्या हातानं तिला चहात बुडवून पाव भरवला, आणि तो प्रश्न त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. अनारकान तेव्हा दारात पीठ चाळत उभी होती. प्रश्न तिनं ऐकला होता. उत्तराची वाट ती एकोणीस वर्षं बघत होती.

मग तिचा नवरा गेला, दोन वर्षांपूर्वी सासूही गेली. मुलगे रशियात बांधकामावर. घरात राहिले चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे कादिरकुल आणि ती. सासू गेली तेव्हा अनारकान मनापासून रडली, आणि रडता रडता तिच्या मनात आलं, आता तरी. मग त्या विचाराची तिलाच इतकी लाज वाटली की तिनं चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला चार माणसांचं काम एकटीनं उपसलं.

बुधवारी संध्याकाळी बेगिमायचा फोन आला.

"वहिनी, खोली बघितलीस? मी मुद्दाम तळ्याकडची मागितली तुझ्यासाठी. आणि ऐक, वेनेराबाई विचारत होत्या, मुलीच्या आईच्या जागी कोण बसणार. मी म्हटलं, आई तर नाही, वहिनी बसेल. बसशील ना गं?"

"बसेन की," अनारकान म्हणाली. "बसायला काय लागतं? जन्मात पहिल्यांदा कुणी बस म्हणतंय."

फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ तेच घोळवत बसली. आईच्या जागी. आई म्हणून नव्हे, आईच्या जागी. रिकामी खुर्ची नको म्हणून. तरी पण शनिवारी वेनेराबाई दुधाचा मान आणणार होत्या. मुलीला जिनं पाजलं तिला मुलाकडचे कोट घालतात, आणि घालताना विचारतात, कुणाच्या दुधावर वाढली ही? तेव्हा काहीतरी बोलावंच लागेल. पोरगी बोलेल. एकदाच, चार लोकांत, आई म्हणेल. मग जाईना का बिश्केकला, जाईना का आणखी कुठे. अनारकानला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं, आणि जे हवं होतं ते इतकं हवं होतं की त्या रात्री तिनं चहा तसाच बाजूला सारला.

शनिवारी सकाळी ती पाहुणी म्हणून पुढच्या दारानं काचघरात शिरली. सासऱ्यांना त्यांच्या खोलीत बसवलं आणि आपल्या खोलीत गेली. खोली कसली, तीन बिऱ्हाडं मावली असती. पलंगावर सहा उशा. सहा उशांचं एका माणसानं काय करायचं, याचा तिनं प्रामाणिकपणे विचार केला आणि पाच उशा कपाटात रचून ठेवल्या. न्हाणीघरातला टब बघून तिला वाटलं, यात दोन मेंढ्यांची लोकर आरामात भिजेल. मग काचेजवळ उभी राहिली. अकरा वर्षं या तळ्याकडे तिची पाठच होती, कारण स्वयंपाकघराच्या खिडक्या पार्किंगकडे उघडतात. सकाळचं पाणी खालपर्यंत निवळ दिसत होतं. सुंदर काही दिसलं की शेजारी कुणीतरी असावंसं वाटतं, आणि तिला वाटायचं ते एकच माणूस होतं.

तेवढ्यात तेच माणूस दार वाजवून आत आलं.

"चल, वहिनी, वाळूत फिरू. पाहुणे यायला अजून वेळ आहे."

दोघी अनवाणी चालल्या. पांढऱ्या छत्र्यांखाली परदेशी माणसं गुलाबी होत पडली होती. एका पोऱ्यानं येऊन अदबीनं विचारलं, थंड सरबत आणू का, आणि अनारकानला ओळखून जीभ चावली. बेगिमाय खळखळून हसली. हसताना ती खालचा ओठ जरा डावीकडे ओढायची, अगदी अनारकानसारखा. गावातल्या बायका हे बघायच्या आणि दुसरीकडे तोंड फिरवायच्या.

"आईला हे दाखवायला हवं होतं गं," बेगिमाय पाण्याकडे बघत म्हणाली. "म्हणाली असती, एवढ्या काचा पुसतं कोण?"

"म्हणाली असती खरं." अनारकान थांबली. एवढा एकान्त पुन्हा मिळणार नव्हता. "बेगिम, एक विचारू?"

"विचार ना."

पोरगी वळून बघू लागली. वाऱ्यानं केस तोंडावर आलेले, डोळे उन्हानं बारीक केलेले. अनारकानच्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं.

"कानाची भोकं बुजली नाहीत ना? नाही तर ऐन वेळी टोचाटोची."

"नाहीत," बेगिमाय म्हणाली. क्षणभर ती तशीच बघत राहिली. मग तिनं अनारकानच्या हातात हात अडकवला आणि दोघी परत फिरल्या.

जेवण दुपारी तीनला, काचेच्या भिंतीपाशी. मधोमध कादिरकुल, पांढरी दाढी, उंच पांढरी टोपी. एका बाजूला वेनेराबाई, त्यांचे यजमान, एल्दियार आणि त्यांची माणसं. दुसऱ्या बाजूला मुलीकडचे मोजके नातेवाईक, बेगिमाय, आणि तिच्याशेजारी जांभळ्या मखमली झग्यात अनारकान, आईच्या जागी. वेनेराबाई साठीच्या, नीटनेटक्या, बोलायला मोकळ्या. येताच त्यांनी अनारकानचे दोन्ही हात हातात घेतले होते. "तुमच्या हातच्या मटणाचं इथे फार कौतुक ऐकलं," त्या म्हणाल्या होत्या, आणि अनारकानला त्या आवडून गेल्या होत्या. विहीण आवडली की जीव जास्तच तुटतो.

तिलेकनं जीव ओतला होता. पहिल्या बशीत घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा फेस. दुसऱ्या बशीत वाळवलेल्या दह्याची वाटाण्याएवढी गोळी, तिच्यावर एक पाकळी. वेनेराबाईंची माणसं फोटो काढत होती. कादिरकुल गोळीकडे बराच वेळ बघत बसले.

"हे खायचं की नाकात ओढायचं?" त्यांनी विचारलं.

"चव घ्यायची, बाबा," बेगिमाय म्हणाली.

"चव घेतली. जेवण कधी?"

एल्दियारला हसू आवरेना. तिसरी बशी आली, चौथी आली. म्हाताऱ्यानं हात मांडीवर ठेवले. आवाज न चढवता ते म्हणाले, "मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. आज माझी मुलगी मी दुसऱ्याच्या घरात देतोय. माझ्यासमोर मुंडकं नाही. विहीणबाईंसमोर कमरेचं हाड नाही. उद्या कुणी विचारलं, कोण कोण बसलं होतं, तर काय सांगू? पाकळ्या बसल्या होत्या?"

वेनेराबाई लाल झाल्या. चूक त्यांची नव्हती, त्यांना चांगलंच करायचं होतं. तिलेक दारात उभा होता, त्याचा चेहरा उतरला. मेंढी आत शिजून तयार होती, अनारकाननं शुक्रवारी स्वतः सोडवलेली, पण हाडं माणसागणिक लावायची कशी, हे त्याला कुठल्याच शाळेत शिकवलेलं नव्हतं. त्यानं अनारकानकडे बघितलं. अनारकान उठलीच होती.

मखमली झग्यावर एप्रन बांधून ती ओट्यापाशी उभी राहिली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. भराभर हात चालू लागले. मुंडकं सासऱ्यांना. छातीचा तुकडा नव्या जोडप्याला. मांडीची हाडं थोरल्या पुरुषांना, फऱ्याची धाकट्यांना. कमरेची दोन हाडं असतात. विहीण विहिणीला भेटते तेव्हा एक हिच्या पुढ्यात, एक तिच्या. पहिलं वेनेराबाईंच्या बशीत गेलं. दुसरं अनारकाननं हातात धरलं.

हे मुलीच्या आईचं हाड. वहिनीचं हाड वेगळं, पुढच्या पायाचं, बारीक. तेही समोर पडलं होतं. आपल्या बशीत कुठलं वाढायचं? कमरेचं वाढलं तर मुलीकडची सगळी माणसं बघतील, सासरे बघतील. कुणी काही म्हणणार नाही, पण ते म्हटल्यासारखंच होईल. पायाचं वाढलं तर सगळं संपलं, आपल्याच हातानं. वाफेनं तिचा चेहरा ओला झाला होता.

"एजे, हे कुणाचं?" तिलेकनं विचारलं.

"राहू दे. आधी बाकीच्यांचं होऊ दे."

तेवढ्यात वाढपी धावत आला. वेनेराबाईंचे थोरले दीर काराकोलहून येऊन पोचले होते, येणार नाही म्हणाले होते ते आले, आणि त्यांच्याबरोबर गाडीचा ड्रायव्हरही जेवायला बसला होता. आलेला पाहुणा देवाचा, मग तो ड्रायव्हर का असेना. अनारकानच्या हातांनी विचार केला नाही. कमरेचं हाड थोरल्या दिरांच्या बशीत गेलं, पायाचं ड्रायव्हरच्या. वाढपी बशा घेऊन गेला. मग तिनं पातेल्यात बघितलं. मान उरली होती. मान कुणी पाहुण्याला वाढत नाही.

सगळ्यांचं केलं आणि स्वतःला मोजायला विसरली. सासरी आल्यापासून प्रत्येक जेवणावळीत ती अशीच विसरत आली होती, आणि आजच तेवढं लक्षात राहायला हवं होतं. तिला हसूही आलं आणि रडूही.

ती बाहेर आली आणि सवयीनं दारातच उभी राहिली. टेबलावर रंगत आली होती. ज्याचं त्याला हाड मिळालं होतं, म्हाताऱ्यानं मुंडक्याचा कान कापून सगळ्यात धाकट्या पोराला दिला होता. वेनेराबाईंचं लक्ष गेलं.

"अहो, तुम्ही तिथे काय उभ्या? बसा की. आणि हे काय, तुमच्या पुढ्यात काहीच नाही?"

"मी वाढणारी. वाढणाऱ्याला वासानंच पोट भरतं," अनारकान हसून म्हणाली.

"असं कसं? मुलीच्या आईची जागा आणि बशी रिकामी? माझंच चुकलं. मान आधी द्यायला हवा होता, जेवण मागून." वेनेराबाई उठल्या. त्यांनी खोक्यातून कोट काढला. पांढराशुभ्र, कडेनं निळी वेलबुट्टी. तो दोन्ही हातांवर घेऊन त्या मधे उभ्या राहिल्या. "तुम्ही वडीलधारे, तुम्हीच सांगा. कुणाच्या दुधावर वाढली ही मुलगी?"

मुलीकडची माणसं बशीत बघू लागली. कादिरकुलांनी सुरी खाली ठेवली. अनारकाननं दाराची चौकट धरली.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. त्यांनी अनारकानकडे बघितलं, आणि त्या नजरेत नाही म्हणणं नव्हतं. ते सांगणार होते. तिला दिसलं, ते खरं तेच सांगणार होते, आणि सांगून टाकलं की त्यांचं काय उरेल तेही तिला त्याच क्षणी दिसलं. बायको गेली, एकुलता मुलगा गेला. आता या जगात त्यांना बाबा म्हणून हाक मारणारं एकच तोंड होतं. एक वाक्य बोलले की ते आजोबा. सोयऱ्यांसमोर, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कुणाचेच बाप नसलेले.

"तिच्या आईच्या," अनारकान म्हणाली. "आई गेली आमची, दोन वर्षं झाली. मान मामंजींच्या खांद्यावर घाला, विहीणबाई. ते तिला सांगतील."

झालं. सत्तावीस वर्षं जपलेलं तिनं एका दमात देऊन टाकलं. छाती रिकामी झाली आणि त्या रिकामपणात फार दुखलं. वेनेराबाई मान हलवून म्हाताऱ्याकडे वळल्या.

"थांबा," बेगिमाय म्हणाली.

ती उभी राहिली होती. "आज खोटं नको. दूध मी वहिनीचं प्यायलेय. मांडी आईची. दोन्ही खरं आहे." ती एल्दियारकडे नाही, वेनेराबाईंकडे नाही, म्हाताऱ्याकडे बघत बोलत होती. "आठ वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे. आईसमोर बोलले नाही, तिनं जेवण टाकलं असतं. ती गेल्यावर बोलले नाही, तुम्हाला काय वाटेल म्हणून. आणि वहिनी... वहिनीनं तर कधी विचारलंच नाही मला."

कादिरकुलांनी टोपी सारखी केली, उगाचच.

"मग मी कोण?" त्यांनी विचारलं. लहान मुलानं विचारावं तसं.

"तुम्ही बाबा. आणखी कोण?"

"बदलणार नाहीस?"

"आता कुठे बदलू? जीभ वळायला नको?"

म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि वेनेराबाईंना हातानं खूण केली, जा, तिकडे. "दूध सुनेचं आहे," ते म्हणाले. "जेवढं खरं तेवढं खरं. घाला तिला."

वेनेराबाईंनी पांढरा कोट अनारकानच्या खांद्यावर घातला, एप्रनवरूनच, आणि तिला घट्ट मिठी मारली. त्यांना सगळं समजलं होतं की नाही कोण जाणे, पण रडत होत्या त्या खऱ्या. मुलीकडच्या बायका आता उघड रडत होत्या, इतक्या वर्षांचं साठलेलं. कुणीतरी अनारकानला खुर्चीवर बसवलं. कोट जड होता आणि त्याला नव्या लोकरीचा वास होता.

बेगिमाय तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. इतकी जवळ, की तिचा श्वास अनारकानच्या हातांवर येत होता. आता म्हणेल, अनारकानला वाटलं. सगळं बोलून झालं आहे, आता फक्त तो शब्द उरला आहे.

"वहिनी, बाह्या फार लांब आहेत गं," बेगिमाय म्हणाली. "दुमडू का?"

म्हणजे तो शब्द येणार नव्हता. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. पोरीच्या मनात काही नव्हतं म्हणून नव्हे, तर तिच्या तोंडात तो शब्द दुसऱ्या कुणाचा होता, आणि तिला पुरून आल्यावरही तो तिचाच राहणार होता. अनारकानला हे लख्ख कळलं. दुखलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण पोरगी समोर बसली होती, सगळ्यांदेखत, खालचा ओठ डावीकडे ओढून रडू आवरत होती, आणि उत्तराची वाट बघत होती.

अनारकाननं हात पुढे केला.

"दुमड," ती म्हणाली, "पण घडी घट्ट घाल. मला अजून रस्सा वाढायचाय."